भिंतीला लावलेला ग्लास

"गप्प बस. बोलतायत," गोपीनाथ म्हणाला आणि त्याने स्टीलचा ग्लास भिंतीवर आणखी दाबला. ग्लासाचं तोंड भिंतीला, बूड त्याच्या कानाला.

शीला चहाचा कप घेऊन मागे उभी होती. भिंतीपलीकडे राजरत्न आणि रचनाचं घर. भर दुपार होती. राजरत्न शाळेत शिकवायला गेलेला, घरात रचना एकटी.

"अहो, टीव्ही लागलाय त्यांचा."

"टीव्हीवाले माझं नाव घेतात का?"

वर्तकनगरातली ती जुनी इमारत पाडून नवी बांधायची होती. बाकी सगळे तयार होते, एकटा गोपीनाथ अडून बसला होता. सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोणीतरी चिडून म्हणालं, "ह्यांना बाहेर काढल्याशिवाय काय होणार नाही." बोलणारा बोलून विसरला. गोपीनाथची झोप मात्र गेली. त्याची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, दुसऱ्यांची बोलणी जोडून देण्यात गेली होती. माणसं पाठीमागे काय बोलतात हे आपल्याइतकं कोणाला ठाऊक नाही, असं त्याला वाटे. त्याने मांडणीवरून एक ग्लास उचलला, तो परत मांडणीवर गेलाच नाही.

आधी नुसती भिंत होती. मग फरशी. मग मोरीतला पाइप. शीलाने चुकून त्या ग्लासात पाणी ओतलं तर तो धावत येऊन ते फेकून द्यायचा आणि धोतराने आतून ग्लास पुसत बसायचा. पाण्याने आवाज मरतो म्हणे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या त्याने ग्लासात टाकून खुळखुळ वाजवल्या, कान देऊन ऐकल्या आणि खिडकीतून खाली भिरकावल्या.

एका दुपारी शीला कुशीवर झोपली होती. पाठीला काहीतरी गार लागलं. तिने डोळे उघडले.

"हलू नकोस. आत काय चाललंय ते ऐकतोय."

तिला आधी हसूच आलं. ती उठायला गेली तशी त्याची बोटं तिच्या मानेत रुतली आणि तोंड उशीत दाबलं गेलं. "त्यांना काय काय सांगतेस तू? बोल!" त्याने हात काढला तेव्हा ती कितीतरी वेळ नुसती श्वास घेत बसली. संध्याकाळी तिने पिशवी भरली. आंबिवलीला बहिणीकडे जाते म्हणाली. तो अडवायला उठला नाही. दार लागल्यावर दाराला ग्लास लावून जिन्यावरचा तिच्या चपलांचा आवाज ऐकत राहिला.

आता घरात तो आणि भिंत. रचना जेवणाचा डबा घेऊन यायची. "काका, भाकरी आणि वांग्याची भाजी आहे. दोन घास खाऊन घ्या."

"काय कालवलंयस ह्यात?" असं ओरडून त्याने पहिला डबा जिन्यात भिरकावला. रचनाने खाली बसून भाजी गोळा केली, फरशी पुसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. त्या दिवशीही त्याने तेच केलं. मग ती डबा दाराशी ठेवून जाऊ लागली. कधी तो खायचा, कधी मुंग्या.

पण भिंतीत काहीतरी बदललं होतं. पूर्वी पलीकडून शब्द यायचे. आता शब्द येत नव्हते, कोणीतरी थांबून राहिल्यासारखं वाटत होतं. तो खोकला की पलीकडे भिंतीला काहीतरी घासायचं. तो स्वयंपाकघरात गेला की ते सरकत स्वयंपाकघराच्या भिंतीपाशी यायचं. तो बसला की तेही बसायचं. एका दुपारी त्याने ग्लास लावला आणि पलीकडचा श्वास थेट कानात आला. आत, बाहेर. आत, बाहेर. इतकं स्वच्छ त्याने इतक्या महिन्यांत काही ऐकलं नव्हतं.

त्याने ग्लास खाली ठेवला आणि अनवाणी बाहेर आला. शेजारचं दार नुसतं लोटलेलं होतं. रचना गच्चीवर कपडे वाळत घालायला गेलेली. तो आत शिरला आणि सरळ भिंतीकडच्या खोलीत गेला.

शीला जमिनीवर बसली होती. ती आंबिवलीला गेलीच नव्हती. तिनेही एक ग्लास भिंतीला लावला होता आणि बुडाला कान देऊन, डोळे मिटून ती ऐकत होती. पावलं वाजली तरी तिने डोळे उघडले नाहीत.

"रचना, ह्यांचा आवाज येईना गं. मघापासून खोकलेही नाहीत. चक्कर येऊन पडले तर नसतील ना? जरा बघून ये ना. मला राहवत नाहीये."

रिकामी बादली घेऊन रचना परतली. खोलीच्या दारात गोपीनाथला पाहून तिने बादली खाली ठेवली. मग तिने त्याचा चेहरा पाहिला. तो हसत होता. कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या. ओझं उतरलेल्या माणसासारखा दिसत होता तो. रचनाला भरून आलं.

"काका," ती हळूच म्हणाली, "रोज इथे बसतात काकू. तुमच्या काळजीने. तो डबापण त्याच करतात."

गोपीनाथने मान डोलावली. त्याने खोलीचं दार शांतपणे लावून घेतलं आणि आतून कडी घातली. रचनाने दारावर दोन्ही हात आपटले. आतून त्याचा आवाज आला. मऊ होता, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांत असेल तसा.

"बरं झालं गं. मला भास होत नव्हते. तूच होतीस."