जिन्यावरची पावलं
“पडद्याकडे बघू नकोस, डोळे मिटून नुसती पावलं ऐक,” नवऱ्यानं बजावलं होतं. तिनं शब्द दिला होता. सिनेमातल्या माणसांच्या पावलांचे आवाज स्टुडिओत काढणं हे त्याचं काम. स्वप्नांवरच्या एका सिनेमात नायिकेसाठी तो बायकोच्याच जुन्या चपला घालून चालला होता, अर्ध्या टाचा बाहेर. तेच काम त्याचं शेवटचं ठरलं; ते पडद्यावर येण्याआधीच तो वारला. सिनेमा गाजला, पण तिचं पाऊल उचलेना. संगीतात त्याची पावलं बुडाली असली तर? आज धाकटी जाऊ थिएटरातून तणतणतच आली. “नुसता गाजावाजा हो, ताई! स्वप्नात बाई जिना चढतेय, चढतेय. ना गाणं, ना बोलणं. नुसत्या चपला वाजत राहतात! डोकं उठलं. बघू नका.” “नुसत्या चपलाच?” “मग सांगतेय काय!” तिनं देवाला हात जोडले, त्याच चपला पायात सरकवल्या आणि दुपारच्या खेळाला ती गुपचूप निघाली.