एकतीस जणांची एकच चूक

शिकाऊ बाईंनी आपली पहिलीवहिली चाचणी तपासायला घेतली आणि पाचव्या पेपरालाच त्यांच्या मनात पाल चुकचुकली. अपूर्णांकांच्या भागाकारात जो तो दुसरा सोडून पहिलाच अपूर्णांक उलटा करून बसला होता. बत्तीस मुलांच्या वर्गात एकतीस जणांची चूक तीच, आणि सगळी उत्तरं बरोबर फक्त एका मुलीची.

“अख्ख्या वर्गाने संगनमताने कॉपी केलीय, सर,” त्या वर्गशिक्षकांना म्हणाल्या. “पालकांना बोलवायलाच हवं.”

“बोलवू की. पण आधी खात्री करून घ्या.”

दुसऱ्या दिवशी बाईंनी मुलांना लांब लांब बसवलं, गणितं बदलली आणि तासभर डोळ्यांत तेल घालून फेऱ्या मारल्या. कुणी मानसुद्धा वळवली नाही. तरी एकतीस जणांनी तीच चूक केली आणि त्या मुलीला पुन्हा पैकीच्या पैकी.

आता बाईंचा संशय तिच्यावरच गेला. हिला कुणीतरी उत्तरं पुरवतंय, नाहीतर हिलाच एकटीला कसं जमतं? मधल्या सुट्टीत त्यांनी तिला रिकाम्या वर्गात बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

“खरं सांग, तुला हे कुणी सांगितलं?”

मुलगी रडवेली झाली. “कुणी नाही, बाई. मी घरी पुस्तकात बघून शिकले.”

“का? वर्गात शिकवलं होतं ना मी?”

 

“त्या दिवशी मी आजारी होते, बाई.”