मार्तंडाचा पाचवा भाग

आईच्यान सांगते, ह्यातला शबूद न् शबूद खरा हाये. खोटं निघालं तर उद्याचा चहा मला गोड लागू नये.

कल्याणीनं पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं, कांद्याच्या बराखीत आली अन् रिकाम्या पोत्यावर बसली. कव्हरावर पेनानं, डाव्या हातानं, वाकडंतिकडं लिवलं व्हतं, मार्तंड, भाग पाच. आत मार्तंड न्हवताच. आत शेळीपालनाची माहिती व्हती.

हौशीरामभाऊच्या बराखीत कांदा निवडायला सा बाया. सडका एकीकडं, कोंबाचा एकीकडं, बारकी गोल्टी एकीकडं. लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर घसरून कल्याणीचा उजवा हात प्लास्टरात गेला, तवा बायांनी ठरवलं, हिनं वाचायचं अन् हिच्या वाटणीचा कांदा आपण निवडायचा. हौशीरामभाऊ म्हणला, "माल निवडून झाला पायजे. कोण निवडतंय ते मी बघत न्हाई."

म्हंजे वाचणं थांबलं की हजेरी थांबली. अन् घरात कमावती ती एकटीच.

घोडेगावच्या वाचनालयातनं तिनं मार्तंड हेराची पुस्तकं आणली व्हती. त्यात पुण्यात दैत्य राहत्यात. कुणी पार्किंगमधी, कुणी पाण्याच्या टाकीत. मार्तंड त्यांना हुडकतो. त्याच्या जोडीला दंतुरा म्हणून राक्षसीण, सुधारलेली. खानावळ चालवती.

"त्या मार्तंडाला काय बी कळत न्हाई," सोनीबाई म्हणायची. "नुसता चहा पितो. समदं काम ती दंतुरा करती."

"म्हंजे आमच्या मालकावानीच की," सरूबाई म्हणली. "पर सांगून ठिवते, मार्तंड मेला तर मी दुसऱ्या दिशी ऐकायला बसणार न्हाई. आपला आपला कांदा निवडा मंग."

"अन् दैत्य टाकीत राहतोय, तर सोसायटीवालं आधार कार्ड मागत न्हाईत व्हय?"

"दैत्याला कोण मागंल? भाडं तरी मागितलं का कुणी?"

कल्याणीच्या डाव्या अंगाला खेटून साळुबाई बसायची. सत्तरीची बाई. तिला वाचता येत न्हवतं. पर पान उलटायचं काम तिच्याकडं, कारण कल्याणीचा एक हात प्लास्टरात अन् दुसऱ्यात पुस्तक. शेवटची ओळ संपली की पान उलटलंच म्हणून समजा. कल्याणीला वाटायचं, म्हातारी आपल्या डोळ्यांकडं बघून वळखती. दर बाजारच्या दिशी साळुबाई गुडघ्याच्या औषधाला घोडेगावला जायची, तवा जुनी पुस्तकं तीच पिशवीतनं परत न्यायची.

चौथा भाग संपला तवा मार्तंड काळदंत दैत्याबरोबर लिफ्टात अडकला व्हता. सातव्या अन् आठव्या मजल्याच्या मधी. लाईट गेलेली.

पाचवा आणायला कल्याणी स्वतः गेली. वाचनालयातला माणूस म्हणला, "तो कुणीतरी नेलाय. अजून परत न्हाई."

बायांना हे कसं सांगायचं? म्हणून शेळीपालन.

पान उघडलं. समोर बोकडाचं वजन लिवलेलं. कल्याणी वाचाय लागली, "लिफ्टात काळामिट्ट अंधार व्हता."

तीन दिवस ती मनानंच वाचत व्हती. दैत्य गुरकावला की साळुबाई पान उलटायची. मार्तंडानं खिशात हात घातला की साळुबाई पान उलटायची. बायांचं हात कांद्यावर थांबत व्हतं.

चौथ्या दिशी कल्याणी अडकली. मार्तंडाला बाहेर कसा काढायचा, सुचंनाच. अन् नेमकी तवाच हौशीरामभाऊची पोरगी तेजस्विनी आली. जुन्नरला कॉलेजला असती ती.

"अगं, पाचवा भाग? मला जुन्नरला पण नाही मिळाला. बघू, बघू." तिनं हात म्होरं केला.

कल्याणीनं पुस्तक मिटून छातीशी धरलं. तेवढ्यात साळुबाईनं पुस्तक वढलं अन् स्वतःच्या मांडीखाली सारलं.

"हात लावू नगंस! आधी शेवट बघशील अन् आमच्या म्होरं फोडशील. मागं ती सिरियल तूच फोडलीस."

"व्हय, व्हय! हिनंच!" समद्या बाया वरडल्या.

"आजी, पुस्तकावर कुणी बसतं का?"

"माझं गुडघं आखडल्यात. उठवू नगंस."

तेजस्विनी हसली. "बरं. मी पण ऐकते मग." अन् पोतं वढून समोरच बसली.

साळुबाईनं मांडीखालनं पुस्तक काढलं, पान उघडून सुलटं कल्याणीच्या हातात दिलं. मंग एक कांदा विळीवर चिरला अन् कल्याणीच्या नाकाम्होरं धरला.

"मंग? वाच की. दैत्याच्या डोळ्याला काय झोंबलं का न्हाई?"

कल्याणीनं डोळं पुसलं अन् सुटली.

"आठव्या मजल्यावरनं दंतुरानं लिफ्टाचं दार फाकवलं. खानावळीतला चिरलेला कांदा, घमेलंभर, आत वतला. काळदंत हजार वर्षांत रडला न्हवता. दैत्य रडला की त्याची ताकद त्याच्याच पाण्यात वाहून जाती. पयलं शिंग गळालं. मंग दात. शेवटाला लिफ्टात नुसतं खारं पाणी उरलं, अन् मार्तंडाचं बूट भिजलं."

बराखीत समद्याच डोळं पुसत व्हत्या.

"कांद्यानं," सरूबाई म्हणली. "दुसरं काय न्हाई." मंग नाक वढून म्हणली, "पर पाचवा भाग समद्यात चांगला. लिवणाऱ्याला आत्ता कुठं अक्कल आली."

"दंतुरामुळं," सोनीबाई म्हणली.

तेजस्विनी म्हणली, "भारीच. मागवतेच मी."

"आता कशाला? ऐकलास की," साळुबाई म्हणली अन् पुस्तक आपल्या पिशवीत टाकलं. "मी देते वाचनालयात."

दुसऱ्या दिशी कल्याणीचं प्लास्टर निघालं अन् ती कांदा निवडाय बसली.

तर असं झालं. समदं खरं. साळुबाईला वाचता येत न्हाई, तेवढी एक थाप. येतं म्हणलं की गाव बँकेचं अर्ज भरून मागतंय, म्हणून मी गावाला चाळीस वर्सं मारली, आज तुमालाबी मारली. अन् पाचवा भाग अजून माझ्या ट्रंकेत हाये. त्यात मार्तंड पयल्याच पानावर मरतोय.