पोळीवरचा चौकोन

कुंभार पिंपळगावच्या शिवारात, कालव्याच्या पाण्यानं भिजलेल्या गाडरस्त्यावर भारतच्या नव्या जीपचं मागचं चाक बसलं. जीप उचलायची सोडून त्याचा नवा जॅकच काळ्या मातीत घुसू लागला.

"थांब," म्हातारा भिवा म्हणाला. "आधी सुनबाईला खाली उतरू दे. समोरच्या चाकाला दगड लाव. आन् माझा जुना जॅक काढ."

"बाबा, तो बी रुतंलच की."

"खाली लाकूड दे, मंग कसा रुततो बघू."

भारतनं जीपच्या मागून जुना जॅक आणि जुना पोळपाट काढला. आई गेल्यावर त्याच्या बायकोनं, शालूनं, नवा घेतला होता. ह्याच्या मधोमध चौकोनी खड्डा पडलेला. आईच्या हातच्या प्रत्येक पोळीवर तो चौकोन उमटायचा, पण तिनं काही पोळपाट बदलू दिला नव्हता.

"फेकायलाच घेतल्ता," भारत म्हणाला.

भिवानं पोळपाट चिखलात नीट दाबला, वर आपला जुना जॅक ठेवला. जॅकचं बूड त्या खड्ड्यात बराबर बसलं.

भारत बघतच राहिला. भिवा सावकाश दांडा मारू लागला.

"तुझ्या आईला लग्न करून आणलं तव्हा इथंच जीप रुतल्ती. समदी वरात उतरून नुसती बघत उभी. नवरीच आंदणातून हा काढून घिऊन आली. म्हणली, ठेवा खाली, पोळ्यांचं मंग बघू."