सुटलेली ओळ

“घाबरू नका स्वल्पविराम समजून घ्या उद्गारचिन्ह,” ताईनं वाचलं.

“हं,” भाऊ म्हणाला.

छापखान्याच्या माळ्यावर एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक खिडकी, तीही रंग देताना कायमची चिकटून बसलेली. बारा वर्षं हे बहीणभाऊ इथे प्रुफं वाचत होते. ताई मूळ कागदावरून मोठ्यानं वाचायची, खुणांसकट. भाऊ समोरच्या छापलेल्या प्रुफावर लाल पेन फिरवायचा आणि ओळ जुळली की “हं” म्हणायचा; शेवटी तपासणाऱ्याच्या रकान्यात सहीही त्याचीच असायची. कधी पंपाची माहितीपुस्तिका, कधी कुणाच्या कविता. अर्थाकडे लक्ष द्यायचं नाही, हा धंद्याचा पहिला नियम. माणूस अर्थामध्ये गुंतला की चूक निसटते.

आज मात्र सुटका नव्हती. पत्रक सरकारी होतं, ‘नवा फौजदारी कायदा, सोप्या भाषेत’. सरकारला सोपी भाषा कधी नव्हे ती जमली होती, आणि नेमकी आजच.

“चौकट तीन. वाहनाची धडक देऊन चालक पळून गेला स्वल्पविराम तर त्याला दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते पूर्णविराम.”

“हं.”

नऊ दिवसांपूर्वी वळणावर भावाच्या गाडीनं एका सायकलवरच्या गवंड्याला उडवलं होतं. भाऊ थांबला नव्हता. गवंडी अजून इस्पितळात बेशुद्ध होता. गाडी कुणाची, हे जगात दोघांनाच माहीत होतं, आणि ती दोघं या टेबलाशी बसली होती.

“मात्र चालकाने दहा दिवसांच्या आत स्वतःहून ठाण्यात जाऊन कळवले स्वल्पविराम तर शिक्षा निम्म्याहून कमी होते पूर्णविराम.”

“हं.”

ताईनं मान वर केली. “दहा दिवसांच्या आत,” ती पुन्हा म्हणाली, या वेळी खुणांशिवाय.

“ऐकलं.”

“उद्या दहावा.”

“ऐकलं म्हटलं ना, ताई.”

ती पुन्हा कागदावर वाकली. “चौकट चार. तक्रार आता घरबसल्या फोनवरूनही नोंदवता येते पूर्णविराम.”

“हं” आलं नाही. भावाचं पेन चौकट तीनच्या तळाशी अडलं होतं. तिथे आणखी एक ओळ होती, आणि ताईनं ती वाचली नव्हती. त्यानं ती मनातल्या मनात वाचली. मग पुन्हा वाचली. बारा वर्षांत ताईची एक ओळ सुटली नव्हती, तापानं फणफणत होती तेव्हासुद्धा.

“ताई, ओळ सुटली.”

“काही सुटली नाही.”

“तीनच्या तळाशी. छापलेली दिसतेय.”

“मूळ कागदात नाही. काट तू.”

त्यानं हात लांब करून कागद ओढला. ओळ होती. ताईचा अंगठा तिच्यावर दाबलेला होता, तो उचलावा लागला.

“म्हणजे मी गेलो तर तुलाही धरतील,” तो म्हणाला.

“माझं नाव घेऊ नकोस म्हणजे झालं.”

“विचारतील ना ते. फुटलेल्या दिव्याच्या काचा कुणी झाडल्या? पोलीस दारोदार विचारत आले तेव्हा गाडी महिनाभर बंद आहे म्हणून कुणी सांगितलं?”

“तूच सांगितलंस म्हण.”

“दारात तू उभी होतीस, ताई. मी न्हाणीघराची कडी लावून बसलो होतो.”

ताईनं चष्मा काढला आणि पदरानं पुसत राहिली. “त्या दिवशी तुला त्यांच्या हाती द्यायला जीव झाला नाही माझा,” ती म्हणाली. “आता मीच जा म्हणतेय. चारपाच वर्षांनी सुटलास तर मी असेन तरी तुझी वाट बघायला. दहा वर्षं कुणी बघितलीत? म्हणून म्हटलं, ही ओळ तुझ्या कानावर नको. बघशील हे ठाऊक होतं, पण तोंडातून निघेचना.”

भाऊ उठला. ठाण्यात गेला तर ताई अडकत होती, आणि न जाता उद्या पकडला गेला तरी ताईच अडकत होती. त्यानं खिडकी ढकलून पाहिली, मग खांदा लावून ढकलली. ती हलली नाही.

जिना वाजला. खालचा मशीनवाला दारात आला, हात फडक्याला पुसत. “बाई, झालं का? मशीन बंद ठेवून बसलोय. पाच हजार प्रती सकाळी घरोघर वाटायच्यात.”

“एक ओळ राहिलीय,” ताई म्हणाली.

“मग वाचा की.” तो चौकटीला टेकून उभा राहिला.

न वाचलेली ओळ खाली जायची नाही, हाही नियमच. ताईनं तोंड उघडलं आणि मिटलं. भाऊ परत येऊन खुर्चीत बसला. मूळ कागद त्यानं आपल्यासमोर घेतला. प्रुफ तिच्यापुढे सरकवलं, आणि लाल पेन तिच्या हातात दिलं.

“गुन्हा माहीत असून लपवणाऱ्याला स्वल्पविराम,” त्यानं वाचलं. “मग तो घरचा असला तरी स्वल्पविराम यापुढे सूट नाही पूर्णविराम.”

ताईनं पेनाचं टोक त्या ओळीवरून सावकाश शेवटपर्यंत नेलं.

“हं,” ती म्हणाली, आणि तपासणाऱ्याच्या रकान्यात, बारा वर्षांत पहिल्यांदा, आपली सही केली.