तोंडी परीक्षा

तांड्यातून सासरी निघालेल्या नवरीनं रडत म्हणायचा ढावलो तेरा वर्षांची निलम जागच्या जागी रचायची. वहीत मात्र तिची अक्षरं उलटीपालटी पडायची. यंदा नापास झाली तर बाप तिचंच लग्न उरकणार होता. “तोंडी परीक्षा घ्या हिची, गुरुजी,” म्हणत रूपाबाईनं लेकीला ढावलो म्हणायला लावला. ऐकताना गुरुजींनी चष्मा पुसला. मग म्हणाले, “एवढं डोकं असून लिहीत नाही म्हणजे आळसच. सवलत मंद पोरांना असते, बाई. उद्या हिंगोलीचे डॉक्टर अशी पोरं तपासून दाखला द्यायला येतील, त्यांना विचारा.” सकाळी शाळेच्या पायरीवर रूपाबाईनं बजावलं, “काईबी इचारलं तरी म्हाईत न्हाई म्हण.” “काहून, याडी?” निलमनं आईला विचारलं. “मला येतं की!” “म्हण गं माय.” डॉक्टरांनी मायेनं विचारलं, “बाळ, आईचं नाव काय?” निलमनं रूपाबाईकडं एकटक बघितलं. “म्हाईत न्हाई.” डॉक्टरांनी हळहळून पेन उघडलं.