नगराध्यक्षांची बोली

ब्लॉगवर रोज आपली खरडपट्टी काढणाऱ्या घोलपबाईंच्या खांद्यावर नगराध्यक्ष निंबोरेअप्पांनी भर मंचावर शाल टाकली, हातात नारळ दिला आणि कानाशी कुजबुजले, "बाई, आता तरी ते लिहिणं आवरा."

"आपोआपच आवरतंय अप्पा. सोमवारपर्यंत वर्षाचे पाच हजार भरले नाहीत, तर ब्लॉग बंद. तुमच्या नगरपालिकेच्या कोरड्या टाकीवरचा लेखही राहिला."

अप्पांचा चेहरा असा उजळला, की मांडववाल्यानं दोन दिवे विझवले.

तेवढ्यात बाईंनी माइक ओढला. "मंडळी, या नारळाचा लिलाव! पैसे ब्लॉगला. बोला!"

शाळेच्या शिपायानं पन्नास म्हटलं, भाजीवालीनं शंभर. मग मागून अप्पांचे जुने वैरी खिलारेअण्णा गरजले, "हजार!"

आता आमच्या गावात गणपतीपुढच्या लिलावातला नारळ गेली वीस वर्षं अप्पांनी खिलाऱ्यांच्या हाती लागू दिलेला नाही. अप्पांचा हात सवयीनं वर गेला. "दोन हजार!"

"पाच हजार!"

मागून बायको सदरा ओढत होती, "अहो, ब्लॉग तुमच्यावरच आहे!" पण अप्पांना भान कुठलं? खुर्चीवर चढून त्यांनी डरकाळी फोडली, "अकरा हजार!"

खिलारे खाली बसले.

"दोन वर्षांची सोय झाली, अप्पा," नारळ देत बाई म्हणाल्या. "टाकीचा लेख उद्याच टाकते."

तरी अप्पांनी नारळ उंचावून फोटो काढून घेतलाच. खिलाऱ्यांना हरवलं होतं ना!